एक इंचही पुढे नाही

आत्याची गाडी मागच्या बाजूने न्हाव्याच्या दुकानात शिरली.

असं काहीही झालेलं नाही. आत्या तसं शपथेवर सांगते. न्हावीही तसंच म्हणतो, फक्त काचा झाडता झाडता म्हणतो. तेव्हा ते वाक्य सोडून देऊ.

गाडी आजोबांची. त्यांच्यामागे निम्मी आत्याची झाली, निम्मी बाबांची. आत्याच्या निम्म्यात इंजिन, स्टिअरिंग आणि आनंद आला. बाबांच्या निम्म्यात विम्याचे हप्ते. गाडी आत्याहून वयाने मोठी, म्हणून आत्या तिला अहोजाहो करते. रोज संध्याकाळी "चला, निघायचं का?" म्हणून दोघी तळ्यापर्यंत जाऊन यायच्या.

मग बाबांनी कुठेतरी वाचलं, की जुन्या गाड्यांची किंमत सोन्यापेक्षा वेगाने वाढते. आमची गाडी कशातही वेगवान आहे हे त्यांना नवीनच होतं. त्यांनी किंमत करणाऱ्याला बोलावलं. तो पांढरे हातमोजे घालून आला आणि बॉनेटवर हात ठेवून डॉक्टरसारखा गप्प उभा राहिला.

"सोनं आहे," तो म्हणाला. "पण जितकी चालेल तितकी किंमत उतरणार. मीटरचा आकडा कमी हवा."

"ऐकलंस ना, ताई?" बाबा म्हणाले. "आजपासून गाडी एक इंचही पुढे जाणार नाही. बरं गिऱ्हाईक आलं की विकून मोकळे होऊ."

"नाही जाणार," आत्या म्हणाली. इतक्या लगेच, की मला भीतीच वाटली.

संध्याकाळी आत्या तळ्यावर गेली. रिव्हर्समध्ये.

परतली तेव्हा बाबा फाटकात. "ताई, डोकं ठिकाणावर आहे का?"

"एक इंच तरी पुढे गेल्या का त्या, ठोंब्या?"

बाबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर मीटरवर गेली. जुनं यंत्र, भोळं बिचारं. गाडी मागे गेली तसा आकडाही मागे गेला होता. बाबांनी फाटक सताड उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांना बहिणीचा पुळका आला. "ताई, भाजी कोपऱ्यावरून कशाला? पलीकडच्या गावात ताजी मिळते." मागे बघून बघून आत्याची मान तशीच राहिली, जेवतानासुद्धा ती माझ्याच ताटात बघायची.

"आकडा शून्यावर आला की?" मी विचारलं.

"की नवीकोरी!" बाबा म्हणाले. "लगेच विकायची."

आत्याने ते ऐकलं. किल्ली घेऊन उठली. न्हाव्याच्या वळणावर तिने तीनदा हॉर्न वाजवला, असं दुकानातून अर्ध्या मिशीनिशी पळालेला माणूस सांगतो. पण ते झालेलंच नाही.

हातमोजेवाला पुन्हा आला. डिकी चपटी, आणि तीत न्हाव्याची खुर्ची रुतलेली. पुढचं पाठ, मागचं सपाट.

"आता यांची किंमत काय?" आत्याने विचारलं.

"कोणाची?" त्याने आजूबाजूला पाहिलं. "हिची? भंगाराची."

"पुन्हा वाढणार नाही ना? नक्की?"

"बाई, कधीच नाही."

आत्या इतकी गोड हसली, की त्याने हातमोजे काढले.

"घे, तुझं भंगार तुलाच लखलाभ," म्हणत बाबांनी आपली निम्मी गाडीही सोडली. न्हाव्याला आत्याने नवी काच दिली, शिवाय आजन्म फुकट चकरा कबूल केल्या. काचेबद्दल त्याने आभार मानले.

एकच अडचण आहे. त्या न झालेल्या धडकेपासून पुढचे गिअर पडतच नाहीत. मेकॅनिक म्हणतो, सुटे भाग मिळायचे नाहीत. आत्या म्हणते, "चालतात ना? मग झालं." संध्याकाळी तळ्यावर हल्ली बाबाही जातात. मागच्या सीटवर बसतात, म्हणजे सगळ्यांच्या पुढे, आणि खड्डे आधी तेच बघतात.

वाहतूक पोलीस मात्र रोज अडवतो. म्हणून घरातला शिकलेला बेकार या नात्याने मी अर्ज टाकला आहे:

तरी माननीय अधिकाऱ्यांना नम्र विनंती, की सदर वाहनाची मागची बाजू हीच पुढची बाजू असल्याचे जाहीर करावे, दिव्यांचे रंग त्यानुसार आपसांत बदललेले मानावेत, आणि हे नियमात बसत नसल्यास घर ते तळे हा रस्ता कृपया उलटा करून मिळावा.