खुर्ची वाकडी नव्हती

मित्रांनो, माझे वय सतरा वर्षे. खुर्चीच्या मानाने मी म्हातारीच. फोर्ट पोर्टल शहराच्या पलीकडे, चहाच्या मळ्याला लागून असलेल्या एका घराच्या ओट्यावर माझा मुक्काम असतो. मी मवुलेच्या लाकडाची आहे, त्यामुळे वाळवी माझ्याकडे फिरकत नाही. दोन रुंद हात, सरळ पाठ आणि चार भक्कम पाय एवढीच माझी मिळकत. तरीही एकदा माझ्यावर वाकडेपणाचा आळ आला होता. तीच हकीकत सांगते.

मला रुबाले सुताराने घडवले. कबाहेंडा नावाची सुईण सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाली, तेव्हा गावातल्या बायकांनी मिळून मला तिच्यासाठी करवून घेतले. रुबाले स्वतः तिच्याच हातांवर जन्मलेला. त्याने मला चार वेळा घासले आणि पाचव्यांदा पुन्हा घासले.

आम्हा टोरो लोकांत प्रत्येकाला एक मायेचे नाव असते आणि हाक त्याच नावाने मारायची असते. कबाहेंडाला सगळे अब्वोली म्हणत. सकाळी ती माझ्यावर बसून घेवडा सोलायची. गरोदर बायका यायच्या, पोट दाखवायच्या, सल्ला घेऊन जायच्या. किती बाळांनी मला ओले केले याची गणती नाही. मला त्याचा राग आला नाही.

बारा वर्षे अशी गेली. मग अब्वोली विसरू लागली. आधी माणसांची नावे गेली, मग दिवस गेले. दुपार कलली की ती उठायची आणि म्हणायची, कुणी तरी अडली आहे, मला निघायला हवे. तिची मुलगी काहुंडे घरीच असे. ती दार अडवायची. मग अब्वोली ओरडायची, कधी काठीही उगारायची.

मुलगा रुसोके कंपालाला मालवाहू गाडी चालवायचा. त्याला हे बघवेना. त्याने तिकडच्या एका औषधाच्या दुकानातून शांत करणाऱ्या गोळ्या आणल्या. डॉक्टरला विचारले नाही. गोळ्या लागू पडल्या. ओरडणे थांबले, काठी कोपऱ्यात गेली. शेजाऱ्यांनी रुसोकेची वाहवा केली.

पण मी तिला रोज धरून असते, मला वेगळेच कळत होते. तिचे बोट माझ्या हातावर थरथरू लागले. उठताना तिला तीन-तीनदा जोर लावावा लागे. पावले आखूड झाली आणि उंबऱ्याशी तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबत. मग ती उजवीकडे कलू लागली. आधी थोडी, नंतर इतकी की तिचे डोके माझ्या हाताच्याही बाहेर जाई आणि चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळे. मला बोलता येत नाही, हे दुःख मला त्या दिवसांत समजले.

रुसोके सुट्टीवर आला. त्याने आईला पाहिले आणि मला पाहिले. त्याने रुबालेला बोलावून घेतले.

"ही खुर्चीच कलली आहे. आई बसली की घसरते."

रुबालेने माझ्या बैठकीवर पाणसळ ठेवली आणि रुसोकेला त्याच्या मायेच्या नावाने हाक मारली. "अराली, बुडबुडा बघ. बरोबर मध्यात आहे. खुर्चीत खोट नाही."

"म्हणजे माझ्या आईत खोट आहे?"

रुबालेने पाणसळ पिशवीत टाकली. त्याने माझ्या उजव्या पायांखाली पाचरी ठोकल्या. आता मी खरोखरच वाकडी झाले. अब्वोली तरीही उजवीकडेच कलली. तेव्हा मला ओट्यासमोरच्या सरपणाच्या खोपटात टाकले आणि ओट्यावर बिनहातांची प्लॅस्टिकची खुर्ची आली. माझ्यावर कोंबडी बसू लागली.

चौथ्या दिवशी धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ काहुंडेची किंकाळी. अब्वोली खुर्चीतून पडली होती, भुवई फुटली होती. कुंपणापलीकडे दोघी जणी कुजबुजत होत्या की कुणी तरी म्हातारीवर करणी केली असणार.

जखम बांधायला दवाखान्यातली परिचारिका बासेमेरा आली. तिने पट्टी बांधली, पण लगेच उठली नाही. तिने अब्वोलीचा हात कोपरातून वाकवून पाहिला. तो अडकत अडकत वाकत होता.

"अडयेरी, हे कलणं कधीपासून?" तिने काहुंडेला विचारले.

"नाचणीची कापणी झाली तेव्हापासून."

"आणि गोळ्या?"

काहुंडेने बोटांवर मोजले. "त्याच्या आधी दोन आठवडे."

त्या घरात ही दोन वाक्ये तोपर्यंत कुणी एकापाठोपाठ उच्चारली नव्हती.

काहुंडे म्हणाली, आजच फेकून देते. बासेमेराने तिचा हात धरला. "एकदम तोडायच्या नाहीत. डॉक्टर सांगतील तशा कमी करायच्या." दुसऱ्या दिवशी दोघी अब्वोलीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी गोळी टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितली. विसरण्याच्या या आजारात अशी औषधे काहींना फार बाधतात, आणि थोडा ताठरपणा आजाराचाही असेल, तो राहील, असेही त्यांनी सांगितले.

डॉक्टरांनी हातांची खुर्ची हवी म्हटल्यावर मला खोपटातून काढले. रुबालेने पाचरी उपटल्या आणि फडक्याने कोंबडीची घाण स्वतः पुसली. माझ्या उजव्या हाताशी गुंडाळलेले कांबळे बसवले. खाताना तिला सरळ बसवायचे ठरले. उंबऱ्यापाशी रुबालेने पांढरी रेघ मारली. पाय अडला की कुणी ओढायचे नाही, फक्त म्हणायचे, "अब्वोली, रेघ ओलांडा." ती ओलांडायची. आणि दुपारी दार अडवणे बंद झाले. काहुंडे तिच्याबरोबर मळ्याच्या रस्त्यापर्यंत जाई आणि परत येई. ओरडणे फारसे उरले नाही.

रुसोकेला सगळे कळले तेव्हा तो येऊन ओट्याच्या पायरीवर बसला. "मीच आणल्या त्या," एवढेच म्हणाला. अब्वोलीने त्याच्याकडे निरखून पाहिले. तो मुलगा आहे हे तिला उमगले नाही.

"पहिलंच बाळ ना?" ती म्हणाली. "घाबरू नकोस. सुटेल ती नीट."

रुसोकेने तोंड फिरवले.

मित्रांनो, तुमच्या घरातले म्हातारे माणूस अडखळू लागले, थरथरू लागले, एका अंगाला झुकू लागले, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका आणि चालताना त्याला ओढू नका. इतक्यात नवे काय सुरू झाले ते आठवा, आणि जाणत्याला दाखवा. मीही हे एका पडण्यानंतरच शिकले.

गोळ्या कमी करायला लागून अकरा आठवडे झाले आहेत. अब्वोलीला माझे हात अजून लागतात. पण तिचा कणा आता माझ्या पाठीच्या मध्यावर येतो. अगदी मध्यावर नाही, दोन बोटे उजवीकडे. तेवढे मी सांभाळून घेते.