घर एक, चुली दोन

मी एकदा ठरवलं की ठरवलं. आमचे हे म्हणतात, तुझ्या डोक्यात खिळा शिरला की तो उपटायला पक्कड मिळत नाही. हे नळदुरुस्ती करतात, त्यामुळे ह्यांना जळीस्थळी पक्कड दिसते. तर त्या दिवशी पडद्याची शिवण अर्धी टाकून मी जाहीर केलं, "मी आणि धाकटी दोन दिवस शहरात जाऊन येणार."

हे जेवत होते. घास हातातच राहिला.

"शहरात? आत्ता? अगं, तिथं सगळं बंद आहे. संग्रहालय बंद, नाटकं बंद, कुठं बसून चहासुद्धा पिऊ देत नाहीत. बंद दारं बघायला जाणार का?"

"हो. इथली बघून झाली."

"आणि ती येणार?"

मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, ह्यांच्या धाकट्या भावाची बायको. ती वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. भाऊजी साथीच्या पहिल्याच लाटेत गेले. दवाखान्यात स्वतःच्या पायानं चालत गेले होते, हात हलवून "येतो" म्हणाले होते. पुढं कुणालाच आत सोडलं नाही, आणि मग फक्त फोन आला. तेव्हापासून एक वेळ सोडली तर धाकटी घराबाहेर पडली नव्हती. जिना उतरायची, पण शेवटच्या पायरीवरून गल्ली दिसली की उलट्या पावली वर.

गल्ली वाईट आहे असं नाही हो. पण माणसं मायेनं जीव घेतात. "कसं गं झालं?" "शेवटचं काही बोलले का?" मास्कमुळं तोंड दिसत नाही, नुसते डोळे दिसतात, आणि त्या डोळ्यांतली कीव बघून धडधाकट माणूस आजारी पडेल. एकदाच ती पाव आणायला गेली होती. पाव न घेताच परत आली आणि मला म्हणाली, "जाऊबाई, जिथं मला कुणी ओळखत नाही ना, अशा एखाद्या रस्त्यावरून एकदा नुसतं चालून यावंसं वाटतं." कित्येक आठवड्यांत तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य आलं नव्हतं. मी ते धरून ठेवलं.

त्यात तिच्या कामाचा प्रश्न पुढं आला. ती केस कापते, बायकांच्या सलूनमध्ये. सलून पुढच्या महिन्यात उघडणार होतं आणि मालकिणीचा निरोप आला होता, पहिल्या दिवसापासून येणार असलीस तर ये, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल. मालकिणीला बोल लावून काय उपयोग, तिलाही पोट आहे. पण जिला आपली गल्ली ओलांडवत नाही, ती सलूनपर्यंत पोचणार कशी? आणि ते काम गेलं असतं तर धाकटी वरच्या खोलीत कायमची बसली असती, हे मला लख्ख दिसत होतं. आधी अनोळखी रस्ता, मग आपला रस्ता, असा माझा हिशेब होता. शहर त्या शनिवार-रविवारपुरतं उघडणार होतं, चाचणी करून येणाऱ्यांसाठी. पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद होणार नाही ह्याची काय खात्री?

"जायचं का?" मी तिला विचारलं. ती बराच वेळ खिडकीच्या कडीशी खेळत बसली आणि मग म्हणाली, "तुम्ही असाल तर."

बस्स! मला तेवढं पुरे होतं.

शहरात एकच हॉटेल उघडं सापडलं, स्टेशनाजवळचं. फोन एका बाईनं उचलला. मास्कमधून बोलत असावी, प्रत्येक शब्द उशीखालून यायचा.

"किती जण?"

"दोघी. मी आणि माझी धाकटी जाऊ. खोली मात्र एकच हवी. तिला एकटीला झोप लागत नाही." हे खरंच होतं. भाऊजी गेल्यापासून मी वरच, तिच्या शेजारी झोपत होते, आणि आमचे हे खाली मनसोक्त घोरत होते.

"एका खोलीत फक्त एकाच घरातली माणसं चालतात सध्या. तुम्ही एकाच घरातल्या का?"

आता नुसतं "हो" म्हणायचं होतं. दोन वर्षांचं पोर म्हणालं असतं. पण जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासारखीला बघूनच. मी तोऱ्यात म्हणाले, "घर एक, चुली दोन!"

सवय, दुसरं काय. कितीतरी वर्षं हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं. पाहुणा येवो की वीजमीटर बघणारा, कुणी विचारलं की मी हे असंच ठणकावून सांगायची. चुली का वेगळ्या झाल्या ते ऐकलंत तर हसाल. ओल्या भांड्यांवरून. मी भांडं पुसून कोरडं ठणठणीत करून ठेवते. धाकटी धुतलं की तसंच फळीवर उपडं घालते, पाणी गळत असलं तरी. भांड्याला भांडं लागणारच, पण आमच्याकडं ते खरोखरीच्या भांड्यांवरून लागलं. दोघींपैकी कुणी माघार घेईना, शेवटी तिनं वर शेगडी मांडली आणि घरात शांतता आली.

"म्हणजे स्वयंपाक वेगळा?" हॉटेलवाली म्हणाली.

"अहो, ते मी आपलं गमतीनं..."

"मग दोन घरं झाली, ताई. नियमात एकत्र राहणारे आणि एकत्र जेवणारे असं आहे. तुम्हांला दोन खोल्या घ्याव्या लागतील."

"एवढं कोण बघतंय?"

"बघतात. तपासायला येतात, दोघींना वेगवेगळं उभं करून विचारतात. मागं दोन बहिणी अशाच सापडल्या, आमचं हॉटेल बंद व्हायची वेळ आली होती." मग जरा विरघळून म्हणाली, "घरोघरी मातीच्या चुली असतात, तुमच्याकडं एक जास्त निघाली, त्याला मी तरी काय करू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "एकच चूल म्हणून ठोकून द्यायचं. तुझ्या शेगड्या मोजायला कोण येतंय?" ह्यांचं म्हणणं सोपं आहे. मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात आणि आवाज टिपेला जातो. आमच्या लग्नापासून हे त्याचा फायदा घेत आलेत. आणि मी एक वेळ रेटलं असतं, पण त्या पोरीला परक्या शहरात, परक्या माणसासमोर एकटीला उभं करून खोटं बोलायला लावायचं? आधीच तिचा जीव केवढासा!

मी वर गेले आणि धाकटीला जे झालं ते सांगितलं.

"राहू दे मग," ती म्हणाली. लगेच म्हणाली. आणि तिचा चेहरा सैल पडला, परीक्षा पुढं ढकलली की पोरांचा पडतो तसा. ती सुटल्यासारखी झाली होती! आज हे राहिलं असतं तर सलूनही राहिलं असतं, आणि मग सगळंच.

मी तशीच खाली आले. "अहो, गॅसची नळी काढा."

"गळतेय का?"

"नाही. आपली चूल बंद. आजपासून वर जेवायचं."

हे माझ्याकडं बघत राहिले. "आणि माझा चहा?"

"वर मिळेल. काढा म्हणते ना!"

एक गोष्ट कबूल करायला हवी, नवरा बोलतो फार पण पक्कड हातात घेतली की शहाणा असतो. त्यांनी नळी सोडवली, शेगडी उचलून मागच्या खोलीत नेली, वर जुनी चादर टाकली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, माझं कडेवर होतं. डबे, कुकर, मिठाची बरणी, कढई. जिन्याच्या चार फेऱ्या झाल्या आणि मला चांगलीच धाप लागली.

धाकटी दारात उभी. "हे काय चाललंय?"

"चूल एक केली. तुझी."

"दोन दिवस शहरात जायचं म्हणून?"

"दोन दिवसांसाठी कोण कुकर वाहून आणतं गं? खोटंच करायचं असतं तर फोनवर केलं असतं. सरक, हात भरून आलेत."

"जाऊबाई, मला नको आहे हे."

"तुला कोण विचारतंय!"

मी आत शिरले. फळीवर तिची भांडी नुकतीच धुतलेली, उपडी, पाणी ठिबकतंय. मी माझ्या मनाशी पक्कं केलं होतं की ब्र काढायचा नाही. तोंड आवरलं, पण हात कुठं ऐकतोय! तो आपणहून फडक्याकडं गेला आणि मी एक ताट पुसायला घेतलं.

"ठेवा ते!"

मी दचकले. धाकटी कमरेवर हात देऊन उभी होती. "माझ्या स्वयंपाकघरात माझी पद्धत. भांडी आपोआप वाळतात. हवा कशाला दिलीय देवानं?"

काय सांगू तुम्हांला मला काय वाटलं! तिला राग आला होता! नाक फुगलं होतं, मान ताठ झाली होती. ही माझी जुनी जाऊ, भांडकुदळ, मेली कुठं जाऊन बसली होती इतके दिवस? मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण मिठी मारली असती तर तिनं ती कीव समजली असती. म्हणून मीही आवाज चढवला.

"वाळतात, आणि पांढरे डाग पडतात!"

"पडू देत! डाग काय खायचे आहेत?"

"अगं, गल्ली ऐकतेय, भांडू नका," हे जिन्यातून म्हणाले.

"तुम्ही मध्ये पडू नका!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

ताटं ओली होती. त्याच ताटांत आम्ही तिघं जेवलो. हे तर दोनदा मागून जेवले आणि माझ्याकडं बघायचं टाळत होते. जेवण झाल्यावर मी हॉटेलला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"मी सकाळची. दोन चुलीवाली. आता एकच आहे."

"सकाळी दोन होत्या ना?"

"दुपारी एक केली. माझी बंद करून टाकली. आत्ताच एकत्र जेवून उठलो. घरात माणसं तीन."

मग उशीखालून खुसखुस ऐकू आली, बाई हसत होती. "ताई, खोलीसाठी चूल मोडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं. द्या बरं दुसऱ्या बाईंना फोन. मला दोघींना विचारावं लागतं."

ह्याचा मी विचारच केला नव्हता. दवाखान्याच्या त्या फोननंतर धाकटीनं कानाला फोन लावलेला नव्हता. वाजला तरी दुसऱ्या खोलीत जायची. सलूनच्या मालकिणीचा निरोपही मीच घेतला होता. मी फोन तिच्यापुढं धरला. ती त्याच्याकडं बघत राहिली. मी म्हणणार होते की बाई आजारी आहे, झोपलीय, काहीतरी. कान लाल व्हायलाही लागले होते. तेवढ्यात तिनं ओले हात पदराला पुसले आणि फोन घेतला.

"हॅलो."

"तुम्ही धाकट्या का? तुमचा स्वयंपाक एकत्र होतो?"

"हो. माझ्या स्वयंपाकघरात."

"घरात माणसं किती?"

"चार," धाकटी म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले.

"चार? तुमच्या जाऊबाई तीन म्हणाल्या." बाईचा आवाज पुन्हा कोरडा झाला. "नीट सांगा बरं. दोघींचं जुळलं नाही तर मला खोली देता येणार नाही."

ह्यांनी फोन घ्यायला हात पुढं केला. मी तो धरला, घट्ट. का धरला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण ते तिनंच सांगायला हवं होतं.

धाकटी भिंतीला टेकली. तिचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मग आला.

"चार होतो. माझे मिस्टर गेले. आता तीन आहोत. मी, जाऊबाई आणि दादा."

भाऊजी गेल्यापासून हे तिनं कुणापाशी म्हटलं नव्हतं. माझ्यापाशीसुद्धा नाही. हे तोंड फिरवून नळ तपासायला लागले, नळाला काही झालेलं नसताना.

हॉटेलवालीनं पलीकडं कागद उलटला. मग म्हणाली, "एक खोली, दोन पलंग, शनिवार. चाचणीचा निकाल बरोबर आणा." कसं झालं, कधी झालं, एक अक्षर विचारलं नाही. देव तिचं भलं करो.

धाकटीनं फोन खाली ठेवला. मी मात्र मटकन बसले आणि तोंडाला पदर लावून रडायला लागले. इतके दिवस तिच्यासमोर आवरून धरलेलं सगळं एकदमच बाहेर आलं.

"तुम्ही काय रडताय?" धाकटीचे स्वतःचे डोळे वाहत होते, पण आवाजात धार होती. "चाचणी कुठं करतात?"

"शाळेच्या मैदानावर."

"कधीपर्यंत?"

"चारपर्यंत."

"मग उठा. बंद होईल."

तिच्या चपला पलंगाखाली इतक्या आत गेल्या होत्या की ह्यांनी झोपून काढल्या. ती पुढं, मी मागं, जिना उतरलो. शेवटच्या पायरीवर ती थांबली. ढकलावंसं वाटत होतं, खरं सांगते, पण हात मागं बांधून उभी राहिले. तिनं मास्क नाकावर ओढला आणि पायरी उतरली.

समोरच्या इस्त्रीवालीनं बघितलंच. इस्त्री बाजूला ठेवून ती धावत रस्त्याच्या मध्यापर्यंत आली आणि तिथंच थबकली, अंतर राखायचं आठवून. डोळे डबडबलेले. "अगं बाई, उतरलीस! कशी आहेस गं? कसं झालं हे सगळं?"

धाकटी वळून तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बरी नाही, काकू. पण चाललेय."

आणि ती चालायला लागली, इतकी भराभर, की मास्क सावरत मला तिच्या मागं पळावं लागलं.