नालवोगाचा चेहरा

मित्रांनो, मासाका शहराला जाणाऱ्या टॅक्सी जिथून सुटतात, तिथल्या खांबावर मी बसलो आहे. मी पोलिसांचा कॅमेरा. काच ओरखडलेली, अंगावर धुळीची पुटं. नवा होतो तेव्हा गर्दीत हरवलेलं एक पोर माझ्यामुळे सापडलं. लोकांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढे मला चेहरे ओळखणारं यंत्र जोडलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा मी टिपू लागलो. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. चित्रं महिन्याभरात पुसली जात. चेहरे मात्र कायमचे राहत.

माझ्या खांबाखाली नालवोगा केळी भाजून विकायची. पाठीला तान्हा मुलगा. शेजारी तिची मैत्रीण बाबिर्ये शेंगदाणे घेऊन बसायची. एका दुपारी पोलीस आले. दोन महिन्यांपूर्वी बाजार हलवण्याविरुद्ध मोर्चा निघाला होता. त्यात दगड मारणाऱ्या बाईशी यंत्राने नालवोगाचा चेहरा जुळवला होता.

"अहो साहेब, त्या दिवशी ही इथंच केळी भाजत होती!" बाबिर्ये आडवी आली. "खोटं वाटतं तर वरच्या त्या कॅमेऱ्याला विचारा की!"

"त्यानंच तर सांगितलंय," साहेब हसले.

मी नव्हतं हो सांगितलं! मी तिला त्या दिवशी केळी उलटताना पाहिलं होतं. पण ते चित्र केव्हाच पुसलं गेलं होतं.

तिला नेलं. बाळ बाबिर्येच्या मांडीवर किंचाळत राहिलं.

कोर्टातलं सगळं मला बाबिर्येच्या बोलण्यातून कळलं. नालवोगाच्या वकीलबाईंनी विचारलं, "सगळ्या गावाचे चेहरे साठवायची परवानगी कुठल्या कायद्यानं दिली?"

"मनाई तरी कुठल्या कायद्यात आहे?" साहेब म्हणाले.

बाबिर्येने साक्ष दिली. न्यायाधीशांनी नालवोगाला सोडलं. पण मला लगाम घालायला त्यांनाही कायदा सापडला नाही.

पावसाळा सरता सरता नालवोगा परतली, तेव्हा तिचं दूध आटलं होतं. तिने बाळाला छातीशी धरलं. ते तोंड फिरवून बाबिर्येकडे झेपावलं.

"मला ओळखतच नाही गं हा."

"ओळखेल गं. धीर धर," बाबिर्ये म्हणाली.

आता नालवोगा रस्त्यापलीकडे बसते, माझ्याकडे पाठ करून. काल तिथेही नवा खांब उभा राहिला.

मित्रांनो, मला डोळे मिटता येत नाहीत. कुणाला पाहायचं, किती दिवस लक्षात ठेवायचं, कुणाच्या हुकमावाचून कुणाला शोधायचं नाही, हे तुम्हीच ठरवायचं आहे. पाया पडतो, लवकर ठरवा. खाली आत्ताच पोलिसांची गाडी थांबली आहे, आणि साहेब बाबिर्येला ऊठ म्हणत आहेत.