मास्तरांची हजेरी

खडू शोधण्यासाठी लक्ष्मणरावांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि बोटांना पुन्हा ते पत्र लागले. मार्गशीर्षात आले होते. आता पौष सरत आला होता आणि उत्तर अजून गेले नव्हते. खडू दुसऱ्या खिशात होता. तो काढून त्यांनी फळ्यावर तहाची कलमे लिहायला घेतली. तिसऱ्या कलमापाशी त्यांना आठवेना की हा तह मोडला कोणी.

"निजामानं, सर," पहिल्या बाकावरून आवाज आला.

"हो. निजामानं."

पत्र पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यातून आले होते. कामगारांच्या वसाहतीत वाचनालय काढायचे ठरले होते. पुस्तके निवडायला, मागवायला आणि सांभाळायला वाचणारा माणूस हवा होता. वयाची आडकाठी नव्हती. राहायला दोन खोल्या, घरात नळ, वीज. होकार किंवा नकार लवकर कळवावा, असे शेवटी लिहिले होते. लक्ष्मणरावांनी दोन्हीपैकी काहीच कळवले नव्हते.

चिंचवडहून पिंपरी काही लांब नव्हती. कारखान्याचा भोंगा रोज सकाळी शाळेत ऐकू येई आणि मुलांच्या प्रार्थनेत मिसळून जाई. पण लक्ष्मणराव शाळेचे आजीव सेवक होते. शाळा काढणाऱ्या अण्णांनी ही चाल पुण्यातल्या जुन्या संस्थांकडून उचलली होती: निम्म्या पगारावर वीस वर्षे शिकवण्याची शपथ घ्यायची, आणि मुदत सरली की माणूस मोकळा. लक्ष्मणरावांची मुदत येत्या वसंत पंचमीला सरत होती.

वसंत पंचमी हा शाळेचा स्थापनादिन. त्या दिवशी मास्तरांची हजेरी होई. अण्णा म्हणत, वर्षभर आपण पोरांची हजेरी घेतो, एक दिवस त्यांनी आपली घ्यावी. अकरावीतला विद्यार्थी चिटणीस सगळ्या आजीव सेवकांची नावे वाची, आणि ज्याचे नाव येई त्याने मुलासारखे उभे राहून 'हजर' म्हणायचे. मुदत सरलेल्या माणसाने त्या वर्षी 'हजर' म्हटले की पुढच्या वीस वर्षांची शपथ लागू झाली. वेगळा कागद नाही, सही नाही. आजवर ज्यांची ज्यांची मुदत सरली, ते सगळे 'हजर' म्हणाले होते.

अण्णा वारले त्या वर्षी यादीतून त्यांचे नाव काढायचे राहून गेले. चिटणिसाने ते वाचले आणि मग तोच गोरामोरा झाला. मैदानावर कोणी हलेना. शेवटी मागच्या रांगांतली पाचवीची मुले, त्यांना काही सुचेना म्हणून, 'हजर' म्हणाली. त्यांच्या मागोमाग सगळी शाळा म्हणाली. तेव्हापासून गेलेल्या मास्तरांचीही नावे वाचली जातात आणि उत्तर मुले देतात. ड्रॉइंगचे रंगराव गेले, तेव्हा कोणाला सांगावेही लागले नाही.

हे सगळे लक्ष्मणरावांनीच लिहून काढले होते. शाळेच्या रौप्यमहोत्सवासाठी इतिहासाचे पुस्तक काढायचे होते, आणि हेडमास्तर नानासाहेब म्हणाले होते, "तुम्ही वाचता, तेव्हा लिहायचंही तुम्हीच." लिहिता लिहिता त्यांच्या हातून एक वाक्य गेले होते: आजवर एकही आजीव सेवक मुदत संपली म्हणून शाळा सोडून गेलेला नाही. नानासाहेबांनी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवले.

"वा, लक्ष्मणराव. हे वाक्य पहिल्या पानावर घ्या."

"तिथं जरा... उघडं पडेल."

"पडू दे की. लपवायचंय काय त्यात?"

लक्ष्मणरावांनी ते वाक्य पहिल्या पानावर घेतले.

*

रविवारी दुपारी हिंदुराव सायकलवरून आला. आकुर्डीच्या शेतकरी घरातला हा मुलगा लक्ष्मणरावांच्या हाताखालून गेला होता आणि आता कारखान्याच्या कोठारात कामाला होता. वाचनालयासाठी सरांचे नाव त्यानेच सुचवले होते. त्याने सायकल भिंतीला टेकवली. शाळेच्या मागच्या अंगाला संस्थेने दिलेल्या या दोन खोल्या होत्या. शाळेची घंटा त्याच भिंतीच्या पलीकडे टांगलेली होती, आणि ती वाजली की फडताळातली भांडी थरथरत.

"सर, साहेब रोज इचारत्यात. तुजे मास्तर येनार हायेत का न्हाईत?"

"तू काय सांगतोस?"

"मी म्हंतो, मास्तर इचार करत्यात. साहेब म्हंले, एवढा इचार तर आमी कारखाना काढताना बी केला न्हाई."

आत तांदूळ निवडत बसलेल्या सावित्रीबाई हसल्या. हसू आवरायची त्यांनी खटपट केली नाही.

"तू तोंडी सांगितलंस तर नाही का चालणार?" लक्ष्मणराव म्हणाले.

"तोंडी? सर, तिथं मला खिळ्याच्या पुडीला बी चिठ्ठी लागती. लेखी द्या. वसंत पंचमीपतुर थांबतो म्हंलेत, फुडं दुसरा मानूस बगनार." हिंदुरावाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कपाटं आलीत. रिकामीच हायेत. पोरं त्यात जेवनाचे डबे ठिवाय लागलीत."

"किती कपाटं आहेत?"

"असतील की धा-बारा."

"काचेची दारं?"

"व्हय. किल्ल्या माज्याकडंच हायेत."

समोरच्या कोनाड्यात लक्ष्मणरावांची स्वतःची पुस्तके आडवी रचलेली होती; उभी ठेवायला जागा नव्हती, आणि खालचे हवे असले की वरची सगळी उतरवावी लागत.

हिंदुराव गेल्यावर सावित्रीबाईंनी सूप बाजूला ठेवले.

"नाही म्हणायचं असलं तर नाही म्हणा. पण म्हणा."

"नाही म्हणायचं नाही मला."

"मग हो म्हणा."

"नानासाहेबांना आधी सांगायला हवं."

"मग सांगा."

"हो."

"अहो, तुमचं 'हो' म्हणजे मला मांजराच्या पावलासारखं वाटतं. आलं कधी, गेलं कधी, कळत नाही."

*

सोमवारी लक्ष्मणराव नानासाहेबांच्या खोलीत गेले. वाक्य त्यांनी घरूनच ठरवून आणले होते: नानासाहेब, माझी मुदत सरते आहे. एवढेच. पुढचे नानासाहेबांनी विचारले असते आणि मग सोपे गेले असते.

"बसा, बसा. तुमचीच आठवण काढत होतो," नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलाच्या खणातून कागदात गुंडाळलेली घडी काढली. "पुण्याहून मागवली. अस्सल लोकर आहे. तुमच्या दुसऱ्या शपथेला. हात लावून बघा."

लक्ष्मणरावांनी शालीला हात लावला.

"कशी आहे?"

"छान आहे."

"काय म्हणत होता तुम्ही?"

"काही नाही. बाराव्या प्रकरणाचं विचारायचं होतं."

बाहेर व्हरांड्यात येऊन ते खांबाशी उभे राहिले. इतिहासाच्या पुस्तकात बारावे प्रकरण नव्हतेच. मैदानावर ड्रिल चालले होते. मुले एका शिट्टीला डावीकडे वळत होती, दुसरीला उजवीकडे. एक मुलगा दोन्ही वेळा उलट वळला आणि शेजाऱ्याच्या तोंडासमोर आला. लक्ष्मणराव त्याच्याकडे पाहत राहिले.

त्या संध्याकाळी त्यांनी ठरवून टाकले. बोलणे त्यांना जमत नव्हते. न बोलणे आयुष्यभर जमत आले होते. वसंत पंचमीला नाव आले की उठायचे नाही, 'हजर' म्हणायचे नाही. शपथ लागू होणार नाही. नानासाहेबांना काही समजावून सांगावे लागणार नाही, कारण सगळ्यांसमोर सगळ्यांना कळलेलेच असेल. सावित्रीबाईंना त्यांनी हे सांगितले.

"आणि मग?" सावित्रीबाईंनी विचारले.

"मग काय?"

"ते विचारतील ना, का नाही उठलात?"

"त्यांनी विचारलं तर सांगेन."

सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि दिव्याची काच पुसायला घेतली.

*

वसंत पंचमीला मैदानावर सतरंज्या पडल्या. सरस्वतीच्या तसबिरीला झेंडूची माळ होती. मास्तर मुलांकडे तोंड करून खुर्च्यांवर बसले, म्हणजे एकमेकांची तोंडे कोणालाच दिसत नव्हती. अकरावी पुढे बसली आणि वर्ग लहान होत होत पाचवी अगदी मागे, कुंपणाच्या सावलीत गेली. शाल नानासाहेबांच्या मांडीवर होती.

चिटणीस उभा राहिला. त्याचा आवाज नुकताच फुटलेला होता, म्हणून तो सांभाळून वाचत होता.

अण्णांचे नाव आले. शाळा 'हजर' म्हणाली. रंगरावांचे आले. शाळा 'हजर' म्हणाली. नानासाहेबांचे नाव आले तेव्हा ते उठून ताठ उभे राहिले.

"हजर."

मग लक्ष्मणरावांचे नाव आले.

लक्ष्मणरावांनी खुर्चीचे हात धरले. गुडघे सवयीने उठू पाहत होते. ते त्यांनी दाबून ठेवले. पुढच्या रांगेतली मुले त्यांच्याकडे पाहत होती. चिटणिसाने कागदावरून मान वर केली आणि तोही पाहू लागला. शेजारी सोपानरावांनी, ते गणित शिकवत, कोपराने हळूच ढोसले. लक्ष्मणराव समोर पाहत राहिले. आता नानासाहेब वळतील, असे त्यांना वाटले. आता काहीतरी होईल.

मागून, कुंपणाच्या सावलीतून, पाचवी म्हणाली, "हजर."

तिथून खुर्च्या दिसत नव्हत्या. मुलांना एवढेच माहीत होते की नाव वाचल्यावर कोणी बोलले नाही, तर आपण बोलायचे असते. सहावी म्हणाली, सातवी म्हणाली. पुढचे वर्ग क्षणभर घुटमळले, एकमेकांकडे पाहिले, आणि इतके सगळे म्हणताहेत तर असेलच काहीतरी, अशा सुरात तेही म्हणाले.

ही रीत लक्ष्मणरावांनी स्वतःच्या हाताने लिहून काढली होती. या आठ दिवसांत ती त्यांना एकदाही आठवली नव्हती.

चिटणिसाने पुन्हा कागदात पाहिले आणि पुढचे नाव वाचले.

"हजर," सोपानराव उठून म्हणाले.

आणि हजेरी पुढे गेली. लक्ष्मणराव ऐकत होते. आपल्या वाटणीच्या त्या आवाजात त्यांना काही निराळे हवे होते, अण्णांच्या वेळेपेक्षा थोडे कमी किंवा थोडे जास्त. तसे काही नव्हते. तेवढाच होता. झेंडूच्या माळेवर एक माशी बसली होती. ती उडाली आणि पुन्हा तिथेच बसली.

*

पेढे वाटून झाल्यावर मुले पांगली. मास्तर शिक्षकांच्या खोलीत जमले.

"तेरावं कधी, लक्ष्मणराव?" सोपानरावांनी विचारले. "श्रीखंड पाहिजे बरं का. बुंदीवर भागवू नका."

सगळे हसले. लक्ष्मणरावही थोडे हसले. नानासाहेबांनी त्यांना बाजूला, आपल्या खोलीत नेले आणि दार लोटून घेतले.

"डोळा लागला होता का?"

"नाही."

"मग?"

लक्ष्मणराव शालीकडे पाहत होते.

"असू दे. होतं असं कधी कधी, माझंही चित्त उडतं." नानासाहेबांनी शाल उलगडली. "पोरांनी उत्तर दिलं म्हणजे हजेरी लागली. शपथ चालू. काळजी करू नका." आणि त्यांनी शाल लक्ष्मणरावांच्या खांद्यांवर घातली.

लोकर जड होती आणि मानेला टोचत होती. लक्ष्मणराव तिच्याखाली काही वेळ उभे राहिले. मग त्यांनी ती उतरवली, टेबलावर पसरली, आणि काठाला काठ जुळवत तिची घडी घालू लागले.

"नानासाहेब," घडीकडेच पाहत ते म्हणाले, "पोरं ज्यांच्यासाठी हजर म्हणतात, त्यांना तास नसतात."

नानासाहेब हसले. मग त्यांचे हसू थांबले.

"असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण तसंच चालत आलंय."

नानासाहेब खुर्चीत बसले. टेबलावरची शाईची दौत त्यांनी उगाच थोडी सरकवली.

"कुठं जाणार?"

"पिंपरीला."

"पिंपरीला," नानासाहेब म्हणाले, काशीला म्हणावे तसे. "कारखान्यात?"

"वाचनालय आहे तिथं. कपाटं येऊन पडलीत. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून मग जाईन."

"ते तुम्ही तपासालच. ते काय मला माहीत नाही?" बाहेर सतरंज्या झटकल्याचा आवाज येत होता. नानासाहेब खिडकीकडे पाहू लागले. "माझी मुदत सरली त्या वर्षी मी आठ दिवस झोपलो नव्हतो, लक्ष्मणराव. कोणाला बोललो नाही. आणि नाव आलं तेव्हा... फार जोरात म्हणालो मी. पार कुंपणापर्यंत ऐकू गेलं असेल."

शालीची घडी लक्ष्मणरावांनी नानासाहेबांच्या हाताशी ठेवली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतले.

सावित्रीबाई घराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. मैदानावरचा आवाज भिंतीपलीकडून त्यांनी ऐकला होता.

"तुमचं नाव आलं आणि पोरंच ओरडली. मी चूल तशीच टाकून इथं आले."

"हो. मीही ऐकलं."

ते कोनाड्याशी बसले. पत्र खिशातून काढून त्यांनी गुडघ्यावर उलगडले. घड्यांच्या जागी ते विरले होते. टाक बुडवून त्यांनी दोन ओळी लिहिल्या. तिसरी सुचली होती, पण ती लिहिली नाही.

"पाकीट काढू?" सावित्रीबाईंनी विचारले. "पोस्टमास्तर वाचतो सगळ्यांची कार्डं. घटकाभरात गावभर होईल."

"कार्डच लिहिलंय."

शाळेच्या फाटकाबाहेर टपालपेटी होती. उन्हे कलली होती आणि कुंपणाशी कोणी नव्हते. लक्ष्मणरावांनी कार्ड पेटीच्या तोंडात घातले. ते आडवे होऊन अडकले. त्यांनी ते बोटाने आत ढकलले, आणि खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच ठेवला.