पिछाडीला कोण?

आर्डिथने नकाशावर बोट ठेवलं आणि समोरच्या दाढीवाल्या क्लिंटला विचारलं, "तुम्हाला काय आवडतं तेवढं सांगा. वाट मी सांगते."

"खडक. हातपाय टेकून चढायला मिळालं पाहिजे."

"मला धबधबा," त्याची बायको लिनेट म्हणाली. "पाण्यात पाय सोडून बसायचंय. आणि आमच्या डॅडींना पक्षी."

डॅडी म्हणजे इमोरी टीग. उमर कोळशाच्या खाणीत गेलेली, डोळे जवळजवळ गेलेले. लेकीचा दंड धरून उभे होते. "कुठलाही पक्षी नाही, थ्रशचं गाणं," ते म्हणाले. "बाकीच्यांची कलकल काय, अंगणात बसूनही ऐकू येते."

केटल हॉलोच्या उद्यानात उन्हाळाभर हेच चालतं. लहान मुलं बरोबर असली की तळ्याकाठची वाट, नवीन लग्न झालेल्यांना दाट झाडीतली, गुडघे कुरकुरणाऱ्यांना जुन्या रेल्वेमार्गावरची सपाट. माणूस बघून वाट द्यावी ती आर्डिथनेच. फक्त झाडांवर पिवळे पट्टे मारलेली वाट ती कुणालाच देत नाही. विचारलंच तर म्हणते, तिथे गोचीड फार. आता गोचीड काय, अख्ख्या उद्यानात आहेत!

"तिघांना तीन वाटा देते," ती म्हणाली.

"अहो, नको. आम्हाला एकत्र जायचंय. सगळं एकाच वाटेवर नाही का मिळणार?"

"मिळेल की! पिवळ्या वाटेवर," मागून आत आलेली रेंजर ब्रँडी म्हणाली आणि आर्डिथकडे लक्ष जाताच तिने जीभ चावली. "म्हणजे, दुपारी सहल होती आमची तिथे. पण रद्दच करावी लागणार. ड्वेनच्या अंगाला विषारी वेल लागलीय, बसलाय घरी खाजवत. पिछाडीला माणूस नाही."

पिछाडीशिवाय सहल न्यायची नाही, असा नियमच आहे. पुढे वाटाड्या, सगळ्यांत शेवटी पिछाडीचा माणूस. कुणी रेंगाळलं, कुणाचा पाय मुरगळला, तर त्याला घेऊन यायचं काम पिछाडीचं. सगळे त्याच्या पुढे. त्याच्या मागे कोण, हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

आर्डिथलाही पडला नव्हता. तेव्हा ती वाटाडी असायची आणि पिछाडीला तिचा नवरा व्हर्लिन. त्या दिवशी पिवळ्या वाटेवर वादळ अंगावर आलं होतं. तिने घाईघाईने पाहुणे मोजले, आकडा जुळला, "सगळे आले" म्हणाली आणि गाडी सोडली. मोजणीत पिछाडी धरत नाहीत, तशी पद्धतच आहे. तिला वाटलं, बसला असेल पडलेल्या फांद्या बाजूला करत, येईल आपल्या ट्रकने. तो सापडला तो धबधब्याखालच्या वळणावर, झाडाला टेकून बसलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. तो किती वेळ वाट बघत होता, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

तेव्हापासून तिच्या मागे पावलं वाजतात. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, घरच्या ओसरीत. ती थांबली की थांबतात. एकदा तिने पाळकांच्या बायकोला सांगून पाहिलं. तिने प्रार्थना केली आणि संध्याकाळी कोंबडीचं सूप पाठवून दिलं.

"चल, लिनेट," इमोरी म्हणाले. "या बाईंना उगीच पेचात टाकू नकोस. डोळे गेले तरी कान आहेत म्हणून आलो होतो एवढंच. पुढच्या उन्हाळ्याचं कोणी बघितलंय!"

आर्डिथ खुंटीवरचं पिछाडीचं भगवं जाकीट काढून अंगात घालू लागली.

"मिस आर्डिथ, तुम्ही?" ब्रँडी म्हणाली. "खरंच नको हो. मी त्यांना समजावते."

"गोचीड चावले तर चावले," आर्डिथ म्हणाली. बटणं लागेनात, तशी उघडीच ठेवून ती दाराकडे निघाली.

वाट तशीच होती. क्लिंट खडकांवर माकडासारखा चढला, लिनेटने धबधब्यात मनसोक्त पाय बुडवले. इमोरी काठी टेकत सगळ्यांत मागे, त्यांच्या मागे आर्डिथ. वळणावरच्या झाडाकडे तिने मान वळवली नाही. तिथून थोडं खाली उतरल्यावर थ्रश गायला लागला. इमोरी जागच्या जागी उभे राहिले, तोंड जरासं उघडं. त्यांनी बाहीने डोळे पुसले. बाकीचे पुढे निघून गेले.

मग दोघं पुन्हा चालू लागले आणि मागे पावलं वाजली, नेहमीसारखी.

इमोरींनी मान मागे वळवली. "तुमच्या मागे कोण आहे हो?"

"कुणी नाही. मी पिछाडी."

"असं कसं? पुरुषमाणूस आहे. जड बूट. उजवा पाय जरा घासतोय. थांबूया का?"

उजवा पाय व्हर्लिनचाच घासायचा. आर्डिथला थांबावंसं वाटत होतं आणि भीतीने पाय थांबत नव्हते. तिने इमोरींचा हात धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच खाली आणलं.

खाली गाडीपाशी ब्रँडीने माणसं मोजली. "सगळे आले. मिस आर्डिथ, बसा, निघूया."

आर्डिथ दाराशी उभीच राहिली. "एक जण मागे आहे."

"कोण? अहो, पिछाडी तर तुम्हीच."

"माहीत आहे मला. तरी थांब."

ब्रँडीचा चेहरा उतरला. क्लिंटने घड्याळ बघितलं, लिनेटने नवऱ्याला कोपराने ढोसलं. आतून इमोरी म्हणाले, "खरं आहे त्यांचं. मीही ऐकलंय. दमलाय तो, येऊ द्या सावकाश."

थांबले सगळे. उन्हं झाडांमागे गेली, रातकिडे ओरडू लागले, वाटेवरून कुणीच उतरलं नाही. आर्डिथची नजर मात्र तिथून हलली नाही. तिला रडू येत होतं आणि ती ते येऊ देत होती.

बऱ्याच वेळाने ती दारातून बाजूला सरली. कुणाला आधी चढू द्यावं तशी क्षणभर उभी राहिली, मग स्वतः चढली.

"क्लिंट, सरक रे जरा पलीकडे," इमोरी म्हणाले. "दोघांना बसायचंय."