आईला मॅनेज करतो

"आईला मी मॅनेज करतो, तुम्ही फक्त कागद घेऊन या," सोमनाथ ओसरीत उभा राहून फोनवर म्हणाला. म्हातारीला ऐकू जात नाही, असं त्याला वाटलं. कुसाबाईचे गुडघे गेले होते, कान शाबूत होते.

कागद कसले, हे तिला ठाऊक होतं. मखमलाबादच्या शिवारात झेंडू-शेवंतीचं रान तिच्या नावावर होतं आणि वर्षभर एक बिल्डर त्याच्याभोवती घोंगावत होता. 'मॅनेज' तेवढं नीट उमगलं नव्हतं. सरपंच मॅनेज झाला, टेंडर मॅनेज झालं, असं गावात रोज कानावर यायचं. तिनं सोमनाथच्या पोरीला, निकिताला, हाक मारली. पोरगी कॉलेजात इंग्रजीत एम. ए. करत होती.

"निके, मॅनेज म्हंजे काय गं?"

"कारभार बघणं, आजी."

"तो तर मी बघते. अजून?"

"कमी असलं तरी कसंबसं निभावणं."

"तुझा आजा गेल्यापासून तेच चाललंय. तुझ्या बापाला यातलं काय येतंय?"

निकितानं मोबाइलमध्ये बघितलं. "मूळ शब्द हाताचा आहे, लॅटिनमधला. इटलीत घोडी शिकवायचे, हातात लगाम धरून. तिथून तो इंग्रजीत आला."

"आस्सं! म्हंजे मी घोडी," कुसाबाई म्हणाली. "आन् शिकवणारा कोण, तर ज्याला आजून टेम्पो मागं घेता येत नाय!"

दुसऱ्या दिवसापासून सोमनाथ गोड झाला. पेढे आले. "आई, पाय दाबू का?" झालं. ज्यानं जन्मात तिचा पाय दाबला नाही, त्यानं असा दाबला, की तिला जुनी मुरगळ आठवली. तिसऱ्या दिवशी साडी आली, आणि तिथंच गडी फसला.

त्यांच्याकडं साडीला वेळ असते. दिवाळी, आखाजी, नाहीतर लग्न. पितृपक्षात तर नवं कापड कुणी घरात आणत नाही. अशा दिवसांत बाईला साडी आली, की तिच्यामागून कागद येतो, हे पाळण्यातल्या पोरीलाही कळतं. पण दुकानात सेल लागला होता, आणि सोमनाथला सेल दिसला की पंचांग दिसत नाही.

संध्याकाळी सिन्नरहून लेकीचा, उज्ज्वलाचा, फोन आला. "आई, दादानं मलाबी साडी धाडलीय. सही कशावर करायची गं?"

"कशावरच नाय. साडी ठेव, पितृपक्ष सरल्यावर नेस."

सोमवारी बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला. सोमनाथनं टोपण काढूनच पेन आईसमोर धरलं. "आई, तू फक्त सही कर. मी सगळं बघतो. आठव्या मजल्यावर फ्लॅट देतायत तुला."

"आठव्या मजल्यावर मी काय कबुतरं राखू?" ती म्हणाली. बिल्डरचा माणूस हसला. "तुम्ही हसू नका, साहेब. तुम्हाला यानं कबूल केलंय, मी नाय." मग ती लेकाकडं वळली. "विचारलं असतंस तर मी नाय म्हटलं असतं. भांडलो असतो, आन् रात्री एका ताटात जेवलो असतो. तू विचारलंच नायस रे. पाय दाबत बसलास."

सोमनाथनं टोपण लावायचा प्रयत्न केला, ते काही बसेना. माणूस कागद गोळा करून निघून गेला. सोमनाथही रागारागानं टेम्पो घेऊन सासुरवाडीला गेला.

दुसऱ्या दिवशी झेंडूचा तोडा होता आणि फुलं पंचवटीच्या बाजारात न्यायला गाडी नव्हती. गाठोडी निकिताच्या स्कूटरवर बसेनात. एक तिच्या पायाशी, एक कुसाबाईच्या मांडीवर, बाकीची बांधावर राहिली. "पडले तर फुलं आधी उचल, मला मग," म्हणत ती मागं बसली. तेवढ्यात निकिताचा फोन वाजला.

"आजी, पप्पा विचारतायत, टेम्पो घेऊन येऊ का?"

कुसाबाईनं मांडीवरचं गाठोडं बांधावर ठेवलं.

"विचारतोय ना? मग ये म्हणावं. आन् पंचवटीत गाडी मागं घेताना मी सांगीन तशी घे म्हणावं."