मागचं चाक

सायकल भिंतीला टेकवून सरू पदराने तोंड पुसत होती, तेवढ्यात ओटीवरून तिच्या नवऱ्याने, कान्हाने विचारलं, "अघईच्या उतारावर मुरूम टाकला का गो?"

"टाकला. पन दाबला नाय. चाक सरकतं."

"रोलर नाय आला तर पावसात सगळा तलावात जायाचा," तो म्हणाला. मग त्याने दुसऱ्या मोरीचं विचारलं, मग माहुलीच्या पायथ्याशी वड पडला होता तो उचलला का, हे विचारलं. सरू चूल पेटवता पेटवता उत्तरं देत राहिली.

तो रस्ता कान्हाच्या हातचा होता. आटगावहून तानसा तलावाच्या कडेकडेने, डोंगराला वळसे घालत जाणारा तो खडी-मुरमाचा रस्ता बांधताना तो मजुरांच्या टोळीत होता. चार वर्षांपूर्वी खडीच्या खाणीत दरड सुटली आणि त्याच्या पाठीवर आली. कमरेखालचं अंग गेलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. तेव्हापासून त्याची बाज ओटीवर होती, आणि बाजेवरून दिसत होतं ते समोरचा शेणकुटांचा ढीग आणि शेजारच्या भिंतीचा कोपरा.

शहापूरच्या दवाखान्यात त्याला ठेवलं होतं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सरूला हेरलं. सातवीपर्यंत शिकलेली, रक्ताला न भिणारी. त्यांनी तिला सुइणींच्या शिक्षणाला बसवलं, आणि पाडे लांब लांब म्हणून सरकारातून आलेली एक सायकल दिली. शाळेच्या पटांगणात ती सात-आठ वेळा पडली. लुगड्याचा काचा घट्ट मारून ती पहिल्यांदा गावात सायकलीवर आली तेव्हा बाया कामं टाकून बाहेर आल्या होत्या. सासू, गुणाबाई, लाजेने आत जाऊन बसली. पुढे लोकांना सवय झाली. बाळंतीण अडली की पाड्यावरचा कोणीतरी धावत यायचा आणि सरू पिशवी कॅरियरला बांधून निघायची.

रोज संध्याकाळी कान्हाला सगळा रस्ता सांगावा लागे. सुरुवातीला तिला ते आवडायचं. तलाव किती उतरला, कुठल्या चढावर तिला उतरावं लागलं, कुठे नाही, हे सांगताना त्याच्या तोंडावर जरा उजेड यायचा. पण वर्षं गेली तसं तिला वाटू लागलं की दिवसभरात जे काही आपलं एकटीचं असतं, ते संध्याकाळी हा माणूस एकेक करून मागून घेतो. कुणाशी बोललीस, कुठे थांबलीस, का थांबलीस. ती सांगायची. न सांगून करणार काय? त्याला तरी दुसरं काय होतं?

त्या चैत्रात मात्र एक गोष्ट तिने सांगितली नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला ठाण्याला मोठ्या नर्सच्या शिक्षणाला पाठवायचं ठरवलं होतं. दोन वर्षं तिथेच राहायचं. सरूने उभ्या उभ्या नाही म्हटलं. नवऱ्याची कूस दिवसातून चार वेळा बदलावी लागते, सासूला नीट दिसत नाही, एवढंच ती म्हणाली. बाईंनी पुन्हा विचार कर म्हणून सांगितलं. परत येताना, एरवी एका दमात चढायची तो अघईचा चढ ती सायकल हातात धरून चढली. माथ्यावर थांबून खाली पसरलेलं पाणी बघत राहिली. मग डोळे पुसले आणि घरी आली. त्या संध्याकाळी कान्हाने थांबलीस का म्हणून विचारलं तेव्हा तिने चाक सरकत होतं म्हणून सांगितलं.

पंधरा-वीस दिवसांनी, फटफटायच्या सुमाराला, म्हादू दारात आला. तलावाच्या पलीकडच्या पाड्यावर त्याची बायको बाईजा रात्रीपासून अडली होती. पहिलटकरीण. तो डोंगरातली पायवाट तुडवत आला होता आणि त्याला नीट बोलताही येत नव्हतं. सरूने त्याला पुढे व्हायला सांगितलं. रस्त्याने सायकलीवर ती त्याच्या आधीच पोचली असती.

तिने सायकल बाहेर ओढली तर मागचं चाक जमिनीला चिकटलं होतं. टायर वीतभर कापलेला. काट्याने फाटतो तसा नाही. कोयत्याने कापतात तसा, सरळ.

 तिने पिशवी खांद्याला मारली, म्हादूला हाक मारून थांबवलं आणि त्याच्या मागे पायवाटेने निघाली. तिचा पाय कारवीच्या खुंटावर फाटला. म्हादू मध्ये मध्ये वळून बघायचा आणि पुन्हा चालू लागायचा. ती पोचली तेव्हा उन्हं वर आली होती. मूल बाहेर आलं होतं, नाळेचे वेढे गळ्याला घेऊन, निळं. तिने वेढे सोडवले, तोंडातून वारा भरला, पाठ चोळली. बराच वेळ ती ते करत राहिली. शेवटी बाईजाच्या आईनेच तिचे हात धरले. बाईजा वाचली.

"जरा आदी आली असतीस तर?" बाईजाने विचारलं. दोष देण्यासाठी नव्हे, तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"वाचला असता," सरू म्हणाली.

दिवस कलताना ती घरी परतली. गुणाबाई दारातच बसली होती. सरूने तोंड उघडायच्या आत म्हातारी म्हणाली की टायर मीच कापला, लोक काय काय बोलतात ते मला ऐकवत नाही, मार मला. ती जमिनीकडे बघत बोलत होती. सरूने ऐकून घेतलं आणि पाणी तापवायला ठेवलं. दिवसभरात कान्हाचं अंग कोणी पुसलं नव्हतं.

तिने त्याला कुशीवर घेतलं तेव्हा त्याची दोन्ही कोपरं सोललेली दिसली. जखमांत शेणाचं सारवण आणि बारीक माती रुतली होती. बाजेपासून सायकलीपर्यंत तो कोपरांवर गेला होता आणि तसाच परत आला होता. त्याला परत बाजेवर चढवायला म्हातारीला किती जीव काढावा लागला असेल. सरूने ओल्या फडक्याने माती काढली. 

"दवाखान्यातला विठू कंपाउंडर मलम द्याला आलता परवा," तो म्हणाला. "सांगत व्हता, तू ठाण्याला जानार. दोन वर्सं."

"मी नाय म्हनून सांगितलं. त्याच दिवशी."

कान्हाने डोळे मिटले.

"मला वाटलं, जाशील."

"गेली असती तर सायकलीवर नसती गेली," सरू म्हणाली. "एस्टीनं गेली असती."

तिने दुसरं कोपर हातात घेतलं. मग त्याच आवाजात तिने सांगितलं की बाईजाचा मुलगा होता, आणि आता नाही. कान्हाच्या तोंडातून एक आवाज निघाला आणि तो भिंतीकडे वळू लागला. पण कमरेखालचं अंग आडवं आलं. त्याला वळता येईना. सरूनेच त्याला वळवलं, पाठीमागे उशी लावली आणि भाकऱ्या थापायला आत गेली.

शहापूरहून नवा टायर यायला आठवडा लागला. सायकल नीट झाली, पण सरूने ती घरी आणली नाही. वेशीजवळ राहणाऱ्या सकुबाईच्या पडवीत ती सायकल ठेवू लागली आणि तिथून घरापर्यंत पायी येऊ लागली. सकुबाईने कारण विचारलं नाही. घरी सगळं पहिल्यासारखंच चाललं. ती वेळच्या वेळी कान्हाची कूस बदलायची, पाठीला मलम लावायची, त्याला हवी तशी पातळ डाळ करायची. फक्त रस्त्याचं त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. रोलर येऊन गेला हे त्याला शेजारच्यांकडून कळलं.

पाऊस सरला. भाताच्या लोंब्या भरल्या. एका संध्याकाळी ती पिशवी खुंटीला अडकवत असताना कान्हा म्हणाला, "सायकल घरी आन. मी हात नाय लावनार."

"ठावं हाय मला," सरू म्हणाली.

तिने त्याला पाणी दिलं, त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, माश्या हाकलल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर कान्हाने गुणाबाईला सांगून बाज ओटीच्या अगदी कडेला ओढून घेतली. तिथून वाटेचा एक तुकडा दिसायचा. बऱ्याच वेळाने त्या वाटेवर सरू दिसली. पिशवी खांद्याला, चपला हातात, भाताच्या कडेकडेने ती सावकाश चालत येत होती.